शेजारच्या टाकीतली फांदी

दापोडे, वळ, पूर्णा, माणकोली या भिवंडीच्या पट्ट्यात आज शेतांपेक्षा गोदामे जास्त दिसतात. मुंबई-ठाण्याच्या माणसाने मोबाईलवर बोट ठेवले की त्याचे सामान पुष्कळदा इथल्याच एखाद्या शेडमधून निघते. साहजिकच इथल्या घरात पोरांनी फिश टँकचा हट्ट धरला की पहिला विचार खोक्याचाच येतो. टाकी मागवा, पंप मागवा, वाळूची पिशवी मागवा आणि जमले तर हिरवी रोपेही कुरिअरनेच मागवा. टाकी आणि पंप खोक्यातून नीट येतात. रोपांचे तसे नसते. तीन-चार दिवस अंधारात आणि उन्हाळ्याच्या टेम्पोत काढलेले रोप घरी पोहोचते तेव्हा बऱ्याचदा निम्मे कुजलेले असते, आणि जे धड येते त्याला सवय असते ती दुसऱ्याच कुठल्या पाण्याची.

लहान टाकीसाठी सर्वांत भरवशाचे रोप आपल्याच गल्लीत मिळते. जी टाकी आपल्याच नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर वर्षभर हिरवी आहे, तिच्यातली छाटलेली फांदी मागून आणावी. त्या पाण्यात ते रोप जगते की नाही, याची परीक्षा शेजाऱ्याने आधीच घेतलेली असते. शिवाय पाणवनस्पती वाढली की छाटावीच लागते. ज्याच्याकडे टाकी आहे, त्याच्याकडे दर पंधरवड्याला मूठभर फांद्या उरतात आणि बहुधा त्या मोरीत जातात.

आधी हे पाहू की रोपे हवीतच कशाला. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ४० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर उरते ३० ते ३२ लिटर. म्हणजे दोन बादल्या. एवढ्या पाण्यात माशांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांसाठी विष आहे. पाण्यात आणि वाळूत वसणारे काही जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने बिनधोक नायट्रेट करतात. पण नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. त्यांची वस्ती जमायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. याच दिवसांत मुलांनी हौसेने आणलेले मासे एकेक करून मरतात आणि घरात ठरून जाते की आपल्याला मासे लाभत नाहीत. लाभण्याचा इथे काही संबंध नाही. ते अमोनियाने मेलेले असतात.

वाढते रोप हाच अमोनिया खत म्हणून शोषून घेते. शिवाय त्याच्या पानांवर आणि मुळांवर ते उपयोगी जीवाणू वसलेले असतात. जुन्या टाकीतून आणलेल्या फांदीबरोबर ते आयतेच आपल्याकडे येतात. प्लास्टिकच्या झुडपाचा असा काही उपयोग नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: पहिल्या दिवशी वाळू, पाणी आणि भरपूर रोपे, मासे दोन-तीन आठवड्यांनी, तेही दोन-चारच. मुले हिरमुसतात, पण त्या काळात नवी पाने मोजायला लावली तर त्यांचाही वेळ जातो.

घरातल्या बुजुर्गांना कधी कधी प्रश्न पडतो की जीव असा कोंडून ठेवावा का. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक चिमुकला पक्षी होता आणि पैगंबर (स.) त्या मुलाशी त्या पक्ष्याविषयी प्रेमाने बोलत, हे हदीसमध्ये आले आहे. त्यावरून उलेमांनी म्हटले आहे की दाणापाणी नीट दिले आणि त्रास दिला नाही तर असा जीव पाळायला हरकत नाही. मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपल्याला ठाऊक आहे. मासा मांजराहून लाचार. त्याला ओरडता येत नाही की दार खरवडता येत नाही. त्याचे पाणी चांगले ठेवणे हेच त्याचे दाणापाणी.

वनस्पती आणि मासा एकमेकांना सांभाळतात, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने तपासून पाहिली. रॉबर्ट वॉरिंग्टन त्यांचे नाव. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया नावाचे रोप ठेवले. काही दिवसांनी रोपाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. गोगलगायींनी कुजलेला पाला खाल्ला आणि पाणी स्वच्छ राहू लागले. हा प्रयोग त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. तेच व्हॅलिसनेरिया आजही क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत जुडीने मिळते. गोल्डफिशचे मात्र अनुकरण करू नये. तो कोवळी पाने कुरतडतो, रोपे उपटतो आणि मोठा होतो. दोन बादल्यांच्या टाकीत त्याचे हाल होतात. तिथे गप्पी किंवा मोली बरे.

कोणती रोपे घ्यावीत

माझे मत विचाराल तर पहिल्या टाकीत चारच जातींवर थांबावे. पहिली हायड्रिला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात ती हीच. आपल्याकडच्या तळ्यांत ती आपोआप उगवते, भराभर वाढते आणि म्हणूनच नव्या टाकीतला अमोनिया सर्वांत आधी तीच ओढून घेते. चार-पाच बोटे लांबीची कांडी पेराखाली कापून वाळूत खोचली की पेरातून मुळे फुटतात. दुसरी हॉर्नवर्ट, झिपऱ्यांसारखी दिसणारी. तिला मुळेच नसतात, नुसती तरंगत सोडावी. तिचे बारीक पान गळून फिल्टर तुंबवते, एवढा एक त्रास.

तिसरे ते वॉरिंग्टनचे व्हॅलिसनेरिया, फितीसारख्या लांब पानांचे. हरळी जशी जमिनीवर धावे सोडत पसरते तसे हे वाळूतून पसरते आणि प्रत्येक धाव्यावर पिल्लू रोप उगवते. लावताना मुळे वाळूत आणि पानांचा बुडखा वाळूच्या वर राहू द्यावा. बुडखा गाडला की रोप सडते. पिल्लाला तीन-चार पाने आणि स्वतःची मुळे आली की मधला धागा कापून ते कुणालाही देता येते.

चौथे अनुबियास किंवा जावा फर्न, दोन्हींपैकी जे मिळेल ते. एक पश्चिम आफ्रिकेचे, दुसरे आग्नेय आशियातले. दोन्ही हळू वाढतात, कमी उजेडात जगतात आणि त्यांची जाड पाने बहुतेक मासे तोंडातही धरत नाहीत. त्यांचा आडवा जाड खोडका वाळूत पुरायचा नसतो, दगडाला बांधायचा असतो. भिवंडीत धाग्याला तोटा नाही, पण सुती धागा घ्यावा. तो काही आठवड्यांत पाण्यात कुजून जातो आणि तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. पॉलिएस्टरचा धागा कुजत नाही, तो नंतर आठवणीने कापून काढावा लागतो.

हे जमले की क्रिप्टोकोरायनीकडे वळता येईल. या कुळातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच आहेत. तिची एक खोड माहीत असावी. जागा बदलली की ती सगळी पाने गाळते आणि रोप मेले असे वाटते. मुळे वाळूत तशीच राहू द्यावीत. महिनाभरात नवी पाने येतात. शेजाऱ्याने दिलेले रोप मेले म्हणून कुरकुर करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते उपटून फेकलेले असते.

आणि ज्यांना यातले काहीच मिळत नाही त्यांनी गॅलरीतल्या मनी प्लांटची एक कांडी घ्यावी. तिची मुळे टाकीच्या पाण्यात आणि पाने बाहेर राहतील अशी काठावर अडकवावी. पाने हवेत असल्यामुळे ती जोरात वाढते आणि पाण्यातले नायट्रेट मुळांनी ओढून घेते. मनी प्लांट चोरून आणला तरच फळतो, अशी एक समजूत आपल्याही मोहल्ल्यांत ऐकू येते. ती सोडून द्यावी. मागून घेतलेलाही तितकाच वाढतो.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवावेत. लकी बांबू आणि पांढऱ्या पट्ट्यांची ड्रेसिना यांची रोपे बुडवून ‘ॲक्वेरियम प्लांट’ म्हणून विकली जातात. ती जमिनीवरची झाडे आहेत. पाण्याखाली महिना-दोन महिने तग धरतात आणि मग आतून सडून पाणी नासवतात. लाल पानांची सुंदर रोपेही पहिल्या वर्षी नकोत. त्यांना जास्त उजेड, खत आणि बहुधा कार्बन डायऑक्साइडची बाटली लागते.

पाणी, उजेड आणि रात्रीची वीज

बादलीच्या कडेला ज्यांच्याकडे पांढरा थर बसतो त्यांचे पाणी जड. अशा पाण्यात व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट खुशाल वाढतात, मोलीलाही ते मानवते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते पसरट बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. वाळू खाडीची किंवा समुद्राची नको. तिच्यातल्या शिंपल्यांनी पाणी आणखी जड होते. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे आणि काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. फरशीवर ओतून देण्याइतके ते टाकाऊ नसते. त्यात झाडांचे खत असते.

टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली की काच हिरवी होते. आत ठेवून एलईडी दिवा लावावा, रोज सात-आठ तास आणि रोज त्याच वेळी. घड्याळ लावायची गरज नाही. जोहरच्या नमाजनंतर दिवा लावावा आणि इशाच्या नमाजनंतर बंद करावा, बरोबर तेवढे तास होतात. हे काम घरातल्या एकाच मुलाकडे द्यावे.

एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे. रोपे आहेत म्हणून वीज गेली तरी माशांना प्राणवायू मिळेल, असे बरेच जण धरून चालतात. उजेड असेपर्यंत रोपे प्राणवायू सोडतात, पण अंधारात तीही माशांसारखी श्वास घेतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरतात. म्हणून दाट रोपांची टाकी पहाटेच्या सुमारास सर्वांत अडचणीत असते. उन्हाळ्यात तर आणखी, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्री वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर मगभर पाणी काढून वितभर उंचावरून परत ओतावे, असे दहा-पंधरा वेळा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप असेल तर उत्तम.

देताना आणि घेताना

इफ्तारीची ताटली शेजारून आली तर आपण ती रिकामी परत करत नाही. रोपांच्या देवघेवीलाही हीच रीत लागू पडते, आणि ती फार स्वस्त पडते. एकाने हायड्रिला वाढवावी, दुसऱ्याने व्हॅलिसनेरिया, तिसरीने क्रिप्टोकोरायनी. कुणाची टाकी एखाद्या उन्हाळ्यात पार बसली तर त्याचीच रोपे त्याला दुसऱ्या घरातून परत मिळतात. एकाच टाकीत ठेवलेली जात एका रात्रीत जाऊ शकते, चार घरांत वाटलेली जात नाही.

पण फांदीबरोबर न दिसणारेही बरेच काही जाते. गोगलगायीची चिकट अंडी, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतू, केसांसारखे शेवाळ. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि वरचे कोरडे धान्य संपून आतले ओले लागले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आपली फांदी फुकटची असली तरी सांगायचे ते सांगावेच. टाकीत गेल्या महिन्यात मासे आजारी होते का, औषध घातले होते का, गोगलगायी आहेत का, पाणी नळाचे की बोअरचे. तांबे असलेले औषध घातलेल्या टाकीतले रोप गोगलगाय किंवा झिंगे पाळणाऱ्याला देऊ नये, ते त्यानेच मरतात. ‘नुसती फांदी तर आहे’ म्हणून ही चार वाक्ये गिळली जातात आणि मग दोन्ही घरांचे मासे जातात. शेजारसंबंध बिघडायला तेवढेही पुरते.

घेणाऱ्यानेही रोप थेट टाकीत टाकू नये. एक सोपा उपाय तुरटीचा आहे. पाच लिटर पाण्यात तीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून रोप दोन-तीन तास बुडवावे, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावे. विहिरीत टाकतात ते जांभळे औषध, पोटॅशियम परमँगनेट, तेही चालते. पाणी गुलाबी दिसेल इतकेच घालावे आणि दहा मिनिटांत रोप बाहेर काढावे, नाजूक पानांचे त्याही आधी. त्यानंतर दोन आठवडे वेगळ्या बरणीत उजेडात ठेवले तर राहिलेली अंडी तिथेच फुटतात. वॉरिंग्टनच्या गोगलगायी उपयोगी होत्या हे खरे, पण त्या त्यांनी स्वतः मोजून सोडल्या होत्या.

नेताना रोप ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवावे, पाणी भरायची गरज नाही. हायड्रिला आणि हॉर्नवर्टला मात्र थोडे पाणी लागते, नाहीतर त्यांची पाने गळतात. सकाळी द्यावे. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली फांदी उकडलेल्या पालेभाजीसारखी होते.

टाकीबाहेर काय जाऊ नये

भिवंडीकडून कल्याणला जाताना उल्हास नदीवर पसरलेला हिरवा गालिचा पुष्कळांनी पाहिला असेल. ती जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती देशोदेशी नेली. बंगालमध्ये तिने भातखाचरे आणि नावांचे मार्ग असे अडवले की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे फजलुल हक यांच्या सरकारलाही गावोगावी तिच्या निर्मूलनाची मोहीम हाती घ्यावी लागली. उलटही घडले आहे. आपल्याकडची साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि आज तिथल्या कालव्यांतून ती उपसण्यावर मोठा खर्च होतो. हा सगळा पसारा कुणाच्या तरी हौसेतून आणि नको झालेल्या मूठभर पाल्यातून सुरू झाला.

म्हणून छाटणीचा पाला वऱ्हाळा तलावात, खाडीत, नाल्यात किंवा संडासातही टाकू नये. मासेही सोडू नयेत. काचेला चिकटणारा सकर मासा मोठा झाला म्हणून ‘आझाद केला’ असे समाधान मानणारे लोक असतात. उजनीच्या जलाशयात हाच मासा आता मच्छीमारांची जाळी फाडतो. पाला गच्चीवर उन्हात कुरकुरीत वाळवावा आणि कुंडीत खत म्हणून घालावा. डकवीड, म्हणजे पाण्यावर पसरणारी मसुराएवढी हिरवी टिकली, कोंबड्या आवडीने खातात. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनी डकवीड घेऊच नये, एक टिकली आली की महिन्यात पाण्याचा सगळा पृष्ठभाग झाकते.

बाहेरून आणण्याचीही घाई नको. रंगाचे आणि कारखान्यांचे पाणी ज्या नाल्याला मिळते तिथली हायड्रिला कितीही हिरवी दिसली तरी तिने त्या पाण्यातले जड धातू शोषलेले असू शकतात. सहलीला गेल्यावर सड्यावरच्या डबक्यांतूनही काही उपटू नये. साताऱ्याच्या कास पठारावर वायतुरा नावाची एक पाणवनस्पती आहे, इंग्रजी वाय अक्षरासारख्या तुऱ्याची. ती आपल्या सह्याद्रीच्या सड्यांखेरीज जगात कुठे नाही आणि घरच्या टाकीत ती जगतही नाही.

वाटून उरलेली रोपे ठेवायला बहुतेक घरांत गॅलरीत एक जादा बादली येते. त्या बादलीत डेंग्यूच्या डासाची अंडी आठवड्याभरात डास होऊन उडतात. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर गप्पी मासे पाळायला सांगितलेले असते ते याचसाठी. रोपांच्या बादलीत दोन-तीन गप्पी सोडावेत, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा आणि पावसाळ्यात बादली गळतीच्या पन्हाळीखालून हलवावी, नाहीतर एका सरीत गप्पी आणि फांद्या दोन्ही वाहून गटारात जातात.